फुलहॅममध्ये रमाबाईंनी काय पाहिले

चर्च ऑफ इंग्लंडच्या वार्षिक दिनदर्शिकेत ३० एप्रिल या दिवसापुढे पंडिता रमाबाईंचे नाव छापलेले असते आणि त्यापुढे त्यांची ओळख पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार अशी करून दिलेली असते. ऑक्सफर्डला राहायला आल्यावर मी ज्या लहानशा मंडळीत जाऊ लागले, तेथील भिंतीवरच्या यादीत हे नाव मला प्रथम दिसले. नगरच्या ख्रिस्ती घरात, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला परक्या देशातील चर्चच्या भिंतीवर आपल्या माणसाचे नाव पाहून अभिमान वाटणे साहजिकच होते. मात्र त्या ओळखीने माझे समाधान झाले नाही. मराठी शास्त्राचे भाषांतर हे रमाबाईंचे अखेरच्या वर्षांतील थोर काम खरे, पण त्यांचे आयुष्य ज्या वळणावर नव्याने सुरू झाले ते वळण वेगळे आहे, आणि ते मी राहते त्या गावापासून फार दूर नाही.

ऑक्सफर्डच्या नैऋत्येला सुमारे २५ किलोमीटरवर वॉन्टेज नावाचे बाजारगाव आहे. राजा आल्फ्रेडचा जन्म तेथे झाला म्हणून चौकात त्याचा पुतळा उभा आहे, आणि बसमधून उतरलेला प्रवासी बहुधा त्याचेच छायाचित्र घेऊन परततो. याच गावात १८४८ साली विल्यम बटलर या धर्मगुरूंनी सेंट मेरी द व्हर्जिन नावाचा भगिनीसंघ, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा संघ, स्थापन केला. या संघाच्या भगिनी पुण्यातही काम करीत होत्या, आणि त्यांच्याच ओळखीमुळे रमाबाई १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन वॉन्टेजला आल्या. पुण्यास जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात स्वतः शिकायचे, असे ठरले होते. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, परंतु ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला.

त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते, आणि तेवढ्या वयात त्यांच्या वाट्याला काय काय येऊन गेले होते हे आठवले म्हणजे आपण ‘नवी सुरुवात’ हे शब्द किती सहजपणे वापरतो याची लाज वाटते. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. उरलेल्या भावासोबत तीर्थामागून तीर्थ पायी पालथे घालीत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव होऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, पण थोड्याच काळात तो भाऊही दगावला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह होऊन दोन वर्षेही झाली नसतील तोच १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले. आणि इंग्लंडला सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी १८८३ सालीच वॉन्टेज येथे स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. ज्या बाईला आशेविषयी प्रवचन ऐकवण्याची कोणाची छाती होऊ नये, अशा बाईविषयी आपण बोलत आहोत.

प्रवचनाने तेथे काही झालेही नाही. निघण्यापूर्वी आपण धर्म बदलणार नाही असे त्यांनी ठामपणे सांगितले होते, आणि वादात त्यांना हरवणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हते. आपल्या ख्रिस्ती अनुभवाविषयी त्यांनी लिहिलेल्या साक्षीवरून दिसते ते असे की, हवापालटासाठी त्यांना लंडनमधील फुलहॅम भागात संघाच्या एका शाखेत पाठवण्यात आले आणि तेथे भगिनींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथे राहत होत्या. त्यांच्यापैकी काही जणी इतक्या पालटल्या होत्या की आता त्या स्वतःच रुग्णांची आणि अपंगांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठी दंडाखेरीज आणखी काही करता येते, किंबहुना करायला हवे, हे आपल्याला आयुष्यात प्रथमच समजले, असे रमाबाई लिहितात.

येथे एक गोष्ट बाजूला नोंदवते, कारण इंग्लंडमध्ये राहून ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या काळच्या इंग्रज समाजाने या स्त्रियांवर दया केली नव्हती. दया केली असती तर त्यांना आश्रयगृहाची गरजच पडली नसती. पुरुषाचा दोष झाकून बाईला रस्त्यावर काढण्याच्या कलेत व्हिक्टोरियन इंग्लंड आपल्या पेशवाईपेक्षा मागे नव्हते. आश्रयगृहांमधील शिस्तही कडक असे, दिवसाचे कित्येक तास कपडे धुण्यात जात, आणि आजचे अभ्यासक त्या व्यवस्थेवर कठोर टीका करतात, ती वाजवीही आहे. तरीसुद्धा रमाबाईंना तेथे जे दिसले ते खोटे ठरत नाही. ज्या बाईचा हिशेब सर्वांनी मिटवून टाकला होता, तिच्यासमोर बसून कोणीतरी ‘उद्या काय करायचे’ हे तिच्याशी बोलत होते, ही गोष्ट सोळा हजार नावाजलेल्या प्रवचनांहून मोठी आहे.

मग रमाबाईंनी आपल्या शिक्षिका भगिनींना विचारले की, ख्रिस्ती लोकांना या स्त्रियांची काळजी का वाटते. उत्तर म्हणून त्या भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ तो प्यायला पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, म्हणून ती स्त्रीच चकित होते. तिचे पाच नवरे होऊन गेले होते आणि आता ज्याच्याबरोबर ती राहत होती तो तिचा नवरा नव्हता. हे सर्व तो जाणतो, तिला तसे सांगतो, आणि तरी बोलणे तोडत नाही.

या अध्यायावरचे प्रवचन मी इथे एकाहून अधिक वेळा ऐकले आहे, आणि दर वेळी पाळकांना बराच वेळ खर्चून समजावून द्यावे लागते की एकाने दुसऱ्याच्या हातचे पाणी मागण्यात एवढे विशेष काय होते. मराठी माणसाला ते समजावून द्यावे लागत नाही. कोणी कोणत्या विहिरीवर जायचे, कोणाचे भांडे कोणाला चालायचे नाही, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले आणि ज्या समाजात १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजात वाढलेल्या माणसाला ‘मला प्यायला दे’ एवढे तीन शब्द पुरेसे आहेत. आणखी एक तर्क करावासा वाटतो, तो सर्वस्वी माझा आहे. उपासना या डोंगरावरही नव्हे आणि यरुशलेमेतही नव्हे, तर आत्म्याने व खरेपणाने करायची, असे येशू त्या स्त्रीला पुढे सांगतो. देशभर एकेक तीर्थक्षेत्र पायी हिंडून, व्रते करून, अखेरीस भूक आणि मृत्यू हेच पदरी पडलेल्या रमाबाईंना ते वाक्य कसे लागले असेल! त्या लिहितात की, हा अध्याय वाचल्यावर ख्रिस्त हाच तारणारा आहे याविषयी त्यांची खात्री पटली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात त्यावर किती गदारोळ उठला हे वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे तो भाग मी उगाळत नाही. इंग्लंडमध्ये मात्र त्यांच्या बाप्तिस्म्याची कथा फार गुळगुळीत करून सांगितली जाते, जणू शोधणाऱ्या बाईला उत्तर सापडले आणि प्रश्न संपले. प्रत्यक्षात वॉन्टेजच्या संघातील भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार हा प्रश्नांनी आणि मतभेदांनी भरलेला आहे. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने मान सोडवून घेतल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली ती द्यायला आपण तयार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी जेराल्डिनबाईंना दिले होते. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडे असतानाही त्यांचे तर्क आणि शंका थांबल्या नाहीत. विश्वास ठेवणे म्हणजे विचार करणे सोडून देणे, असे मानणाऱ्यांनी, मग ते चर्चमधले असोत की चर्चबाहेरचे, ही पत्रे अवश्य वाचावीत.

बाप्तिस्म्याने सगळे काही झाले असेही त्या स्वतः म्हणत नाहीत. सुमारे आठ वर्षांनी, मुंबई-पुण्यात विधवांच्या व मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदासदनाचे काम अंगावर असताना, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. बुद्धीला पटलेल्या गोष्टीने मनाची तहान भागली नव्हती. स्वतःच्या बळावर शुद्ध होण्याची धडपड सोडून त्यांनी स्वतःला निःशर्तपणे प्रभूच्या हाती दिले, तेव्हा कोठे त्यांना शांती लाभली. माझ्या दृष्टीने त्यांच्या साक्षीतील हा सर्वांत मोलाचा भाग आहे. चर्चमध्ये आम्ही नव्या जीवनाची गोष्ट बहुतेक वेळा एका दिवसाची, एका तारखेची म्हणून सांगतो, आणि ज्यांना ती तारीख सापडत नाही किंवा सापडूनही मन रितेच राहते, त्यांना आपल्यातच काही खोट आहे असे वाटू लागते. रमाबाईंसारख्या बाईलाही एकदा सुरू झालेले पुन्हा सुरू करावे लागले, हे त्यांना कोणी सांगत नाही.

शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि पुढे बाया कर्वे म्हणून त्या सर्वांना परिचित झाल्या. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, तरीही त्यांच्या नव्या आयुष्याचा दरवाजा शारदासदनातूनच उघडला, ही गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांनी अधिक अभिमानाने सांगावी असे मला वाटते. त्याच वर्षी, मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आक्षेपावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना लपवली नाही आणि काम बंदही केले नाही.

१८९६ नंतरच्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन परतल्या. वयाची विशी गाठण्याआधीच त्यांनी हाच अनुभव स्वतःच्या घरात घेतला होता. त्या वेळी त्यांच्या कुटुंबासाठी कोणी आले नव्हते. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना अशी कामे स्त्रियाच करीत, आणि रमाबाईंनी केलेल्या शास्त्राच्या भाषांतराचे खिळे जुळवणारे हातही त्यांचेच होते. त्याच आवारात रमाबाईंनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र कृपासदन काढले. फुलहॅमला पाहिलेली गोष्ट मध्ये गेलेल्या दीड दशकात त्या विसरल्या नव्हत्या, हे कृपासदनावरून कळते. केडगावचे काम आजही चालू आहे, आणि पुण्याहून तेथे जाणे हे मुंबईहून वॉन्टेजला येण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

इकडे आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेला माणसे थोडी असतात, आणि त्यांतली बरीचशी वृद्ध आहेत. इंग्लंडमधील चर्च ओस पडली, हे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला सांगतो आणि ते बव्हंशी खरेही आहे. परंतु आठवड्यातील इतर दिवशी चर्चच्या सभागृहात काय चालते ते पाहायला पाहुणे थांबत नाहीत. एका दिवशी तेथे गरजूंसाठी शिध्याचे वाटप होते. अशा वाटपाची आता देशभर पसरलेली एक मोठी व्यवस्था २००० साली सॉल्सबरी येथे एका ख्रिस्ती जोडप्याच्या घरातून सुरू झाली होती. दुसऱ्या एका संध्याकाळी दारू सोडू पाहणारे लोक जमतात आणि गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसून एकमेकांचे ऐकतात. शिधा बांधण्याच्या कामाला मी अधूनमधून जाते. तेथे येणाऱ्यांची जात, धर्म किंवा मागचे आयुष्य विचारायचे नाही असा नियम आहे. चहा मात्र विचारायचा. नोकरी सुटलेले, तुरुंगातून परतलेले, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलांसह घर सोडलेल्या बाया असे सर्व प्रकारचे लोक येतात. त्यांच्यापैकी काही जण पुढे रविवारी उपासनेलाही येऊ लागतात, बहुतेक येत नाहीत, आणि शिध्याची पिशवी दोघांना सारखीच मिळते.

यंदा ३० एप्रिलच्या प्रार्थनेत पाळकांनी रमाबाईंविषयी दोन शब्द बोलायला मला सांगितले, तेव्हा मी भाषांतराचा उल्लेख थोडक्यात करून फुलहॅमविषयी आणि कृपासदनाविषयी बोलले. शिधावाटपाचे काम सांभाळणाऱ्या एका इंग्रज बाईंनी नंतर मला विचारले की, त्या आश्रयगृहातल्या स्त्रियांची नावे कोठे लिहिलेली आहेत का. रमाबाईंच्या साक्षीत ती नावे नाहीत. पुढच्या वर्षी त्या दिवशी योहानाचा चौथा अध्याय वाचायचा, आणि तो आधी रमाबाईंच्या मराठीत व नंतर इंग्रजीत वाचायचा, असे आम्ही ठरवले आहे.