माझा खोकला

लग्नात, गणपतीत, संध्याकाळी बडोद्याच्या सूरसागर तलावाला फेरी मारताना, कुठेही गाठ पडली की लोक मला एकच विचारतात. "तुमची मुलगी गोल्फ खेळायची ना? सोडलं का?" शेजारचे काका तर दर दोन महिन्यांनी नव्यानं विचारतात, "केम छोडी दीधुं?" आणि उत्तराची वाट न बघता हळहळतात. पेपरात तिचा फोटो आला होता, तो त्यांनी कापून ठेवलाय. आजवर मी "दहावी होती" असं सांगून सुटत आलो. आपल्याकडे दहावी हे कशाचंही कारण म्हणून चालतं. पण परवा एक तरुण जोडपं घरी आलं. बरोबर सात वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात प्लास्टिकची काठी, फोनमध्ये त्याचे चाळीस व्हिडिओ. "काका, घालू का याला गोल्फला? आणि तुम्ही का थांबवलंत?" त्यांना दहावीची थाप मारणं जिवावर आलं. म्हणून आता सगळंच सांगतो.

आम्ही दांडिया बाजारातले, तीन पिढ्या बडोद्यात. आमच्या घरी खेळ म्हणजे आजोबांच्या वेळी आखाडा आणि माझ्या वेळी क्रिकेट. भाच्याला मोतीबागेत नेट्सला सोडायला जायचो, तेव्हा लेक बरोबर असायची. ते मैदान लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात, आणि त्याच आवारात गोल्फ कोर्स. महाराज प्रतापसिंहरावांनी १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी ते करवून घेतलं, आणि १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह, जे स्वतः रणजी खेळलेले, त्यांनी ते नव्यानं तयार करून बाहेरच्यांना खुलं केलं. नाहीतर आमच्यासारख्यांचा त्या हिरवळीशी संबंध मोर बघण्यापुरताच. २०१५ च्या उन्हाळ्यात तिचं नाव शिबिरात घातलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिसऱ्याच दिवशी तिचा बॉल असा काही उडाला की शिकवणाऱ्या सरांनी मला बाजूला बोलावलं. त्या बाजूला बोलावण्यापासून माझं डोकं फिरलं.

या खेळात बॉल जागेवर थांबलेला असतो, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, विचार करायला उसंत नसते. इथे अठरा होलना, म्हणजे बॉल घालायच्या अठरा खड्ड्यांना, चार-साडेचार तास लागतात आणि त्यातले प्रत्यक्ष फटके मारण्यात जातात ती काही मिनिटं. उरलेला वेळ चालायचं आणि मागचा फटका डोक्यात घोळवायचा. बोलर भारी होता, अंपायरनं चुकीचं दिलं, जोडीदारानं रनआउट केलं, यातली एकही सबब इथे मिळत नाही. बरोबरचा खेळाडू तुमच्या फटक्यांचं कार्ड लिहितो, आकडे तुम्ही तपासायचे आणि शेवटी सही तुमची. एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहिला गेला आणि सही झाली, तर सरळ स्पर्धेतून बाद. म्हणजे बारा वर्षांच्या पोरीनं आपल्या चुकांची यादी वाचायची आणि ती खरी असल्याची खाली सही करायची. मी अकाउंट्समध्ये आयुष्य काढलं, पण त्या वयात असल्या कागदावर सही करायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

खेळताना सल्ला घ्यायचा तो फक्त आपल्या कॅडीचा, म्हणजे काठ्यांची बॅग उचलणाऱ्या सोबत्याचा. दुसऱ्या कुणाला विचारलं की दोन फटक्यांचा दंड. मुलांच्या बऱ्याच स्पर्धांत आईबापांना कॅडी होऊ देत नाहीत, लांबून चालायला लावतात. नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे. त्यावर मी खोकला काढला.

ठरवून नाही काढला. पहिला खोकला खराच होता. पलीकडे झाडं दाट होती आणि लेकीनं ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, हातात घेतला होता. मी खोकलो, तिनं वळून बघितलं, ड्रायव्हर पिशवीत ठेवला आणि आयर्न काढलं, म्हणजे आखूड पण नेमक्या फटक्याची काठी. बॉल फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याच्या, मधोमध. मला वाटलं, वा, काय समजूतदार पोरगी! मग त्याची भाषाच झाली. एक खोकला म्हणजे सोपा फटका घे. दोन म्हणजे घाई करू नकोस. नुसता घसा खाकरला तर बाबा चिडलेत. मी एकटाच असा होतो असं समजू नका. एकाच्या खिशात गाडीच्या किल्ल्या वाजायच्या, एक आई गॉगल डोक्यावर चढवायची. पोरं अकरा-बारा वर्षांची आणि आम्ही बापलोक दोरीबाहेर उभे राहून अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्कॉलरशिपच्या गप्पा मारायचो. ती फटक्याआधी माझ्या खोकल्याची वाट बघायला लागली होती, हे मला फार उशिरा कळलं. खोकला नाही आला तरी घोटाळाच: बाबा गप्प का?

मग वही. अठरा होलच्या प्रत्येक राउंडचे पट (बॉल खड्ड्यात ढकलायचे हलके फटके) किती, बंकर (वाळूचे खड्डे) किती, कुठल्या होलला डबल बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त, सगळं रकान्यांत. शेवटच्या पानावर खर्च. बॅग, शूज, प्रवेश फी, हॉटेल, पेट्रोल. स्पर्धेसाठी अहमदाबादला जायचो. एक्सप्रेस-वेनं परत यायला दीड-दोन तास लागतात, आणि त्या वेळात मी पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत पुन्हा सगळं खेळून घ्यायचो. "सातव्याला काय झालं?" ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली असायची. श्वास झोपलेल्या माणसाचा नसायचा, हे मला आरशात दिसायचं, तरी आठव्याचं विचारायचो. बायको म्हणायची, "आधी तिला काहीतरी खाऊ दे."

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला. कोर्स बंद, स्पर्धा बंद. मी हताश. लेक गच्चीत सतरंजी अंथरून स्टीलच्या आडव्या पेल्यात पट करायची. समोर माझी आई, शेंगदाण्यांवर पैज. पेल्यात गेला तर नातीला पाच दाणे, हुकला तर आजीला दहा. हा दर आजीनंच ठरवलेला. हरायला लागली की म्हातारी मुद्दाम पाय मध्ये घालायची. रात्री नवापर्यंत गच्चीवर आरडाओरडा. वहीत त्या महिन्यांची पानं कोरी आहेत, पटांची नोंद दाण्यांत कशी करणार? पुढे कोर्स उघडलं आणि ती तोवरचं सगळ्यात सुंदर गोल्फ खेळली. जरा अक्कल असती तर मला तेव्हाच काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं ते हे, की वाया गेलेले महिने आता भरून काढले पाहिजेत.

त्यात ७ ऑगस्ट २०२१ उजाडला. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं म्हणून तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे, पण आमचं घर पहाटेपासून टीव्हीसमोर होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक शेवटचा राउंड खेळत होती. एका फटक्यानं पदक हुकलं, चौथी आली. ज्यांना बोगी म्हणजे रेल्वेचा डबा एवढंच माहीत, त्यांचे मला फोन आले. तिची कॅडी तिची आई होती, त्याआधी रिओला वडील होते. त्यावरून मी काय धडा घ्यावा? की आईबाप सावलीसारखे मागे पाहिजेत. तिची आई तिची बॅग उचलत होती आणि मी माझ्या पोरीच्या मानेवर बसलो होतो, हा फरक पहाटे पाच वाजता कुणाला दिसतो!

त्यानंतरचं वर्ष. रडारड, आदळआपट काही झालं नाही. उलट ती फार शहाण्यासारखी वागायला लागली. रात्रीच बॅग भरून ठेवायची, गजर व्हायच्या आत उठायची. स्पर्धेआधी दोन दिवस पोट दुखायचं, ते आम्ही बाहेरच्या शेव-उसळवर ढकललं. एकदा ७४ फटक्यांत राउंड संपवला, तिच्या आयुष्यातले सगळ्यात कमी, म्हणजे सगळ्यात चांगले. मी पेढे आणायला निघालो तर म्हणाली, "उद्या परत आहेच ना." आणि मग एका सकाळी मी रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, तिच्या मागे उभा होतो. ती मारत होती, एकामागून एक, सुरेख. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की बॉल कुठे जातोय ते ती बघतच नाहीये. मारला की मान खाली, वाकून पुढचा ठेवायचा. शंभर बॉलची बादली संपवली आणि एकही पडताना तिनं बघितला नाही.

आम्ही याला कंटाळा म्हणायचो. कंटाळा रविवारी दुपारी झोप काढली की जातो. बर्नआउटला मराठीत धड शब्दच नाही, म्हणून आपल्याला तो दिसतही नाही की काय कोण जाणे. थॉमस रेडिके या अमेरिकन अभ्यासकानं खेळाडूंमधल्या बर्नआउटच्या तीन खुणा मांडल्यात: शरीर-मनाचा न उतरणारा शीण, आपल्याला काही जमत नाही असं वाटत राहणं, आणि ज्या खेळासाठी जीव टाकला त्याचंच काही न वाटणं. हे मी नंतर वाचलं. तिसरी खूण मी त्या बादलीपाशी डोळ्यांनी बघितली होती.

तिच्या सरांनी मात्र दोन वर्षं आधीच विचारलं होतं, "हिचा ऑफ-सीझन कधी असतो?" मी हसलो होतो. "सर, बडोद्यात काय बर्फ पडतो?" पण खरंच विचार करा. थंड देशांत हिवाळ्यात कोर्स बंद पडतात आणि पोरं आपोआप दुसरं काही खेळतात. आपल्याकडे मे महिन्यातही पहाटे साडेपाचला खेळता येतं. निसर्ग सुट्टी देत नाही, बापानं द्यावी तर तो वही घेऊन बसलेला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय: आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी, वर्षातून एकूण तीन महिने पूर्ण बंद, एकेक महिन्याचे तुकडे पाडले तरी चालतील. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नसावेत, असाही एक ठोकताळा आहे. माझ्या वहीप्रमाणे चौदाव्या वर्षी तिचे सव्वीस तास भरत होते.

शेवट झाला तो गाडीत. अहमदाबादहून परतत होतो, मी अकराव्या होलवर पोचलो होतो. मागून आवाज आला, "बाबा, थांबू या का?"

"पुढे थांबू. इकडचा चहा बरा नसतो."

ती गप्प. मग बायको माझ्याकडे वळली. "ती चहाचं म्हणत नाहीये."

पुढे मी जे बोललो ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. म्हणालो, "आजवर किती खर्च झालाय माहीत आहे का?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "वहीत आहे."

ती वही वाचायची हे मला ठाऊकच नव्हतं.

थांबली, इतकंच. वाद झाले, सहा महिने मी घुम्यासारखा वागलो. मेक्सिकोची गोल्फपटू लॉरेना ओचोआ जगात पहिल्या नंबरावर असताना २०१० मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी थांबली. अमेरिकेची लेक्सी थॉम्पसन २००७ मध्ये बाराव्या वर्षी यूएस विमेन्स ओपन खेळली आणि २०२४ मध्ये, एकोणतिशीत, पूर्ण वेळ खेळणं थांबवतेय असं सांगताना मनावरच्या ताणाबद्दल उघड बोलली. त्यांना कुणी दहावी होती का असं विचारलं नसणार. थायलंडच्या आरिया जुटानुगार्नची गोष्ट मात्र मला जास्त लागते. २०१३ मध्ये सतरा वर्षांची असताना, स्वतःच्या देशात, आघाडीवर असताना शेवटच्या होलला ट्रिपल बोगी करून ती हरली. पुढे तिच्या प्रशिक्षक बायकांनी तिला प्रत्येक फटक्याआधी हसायला शिकवलं आणि २०१६ मध्ये तिनं विमेन्स ब्रिटिश ओपन जिंकली. फटक्याआधी कुणी हसू देतं, कुणी खोकला.

त्या जोडप्याला मी म्हटलं, घाला की. चांगला खेळ आहे, सकाळची हवा आहे, मोर आहेत. फक्त शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी ऑफ-सीझन कधी ते विचारा आणि परतीच्या गाडीत गाणी लावा. बाप मन लावून ऐकत होता. नंतर बघितलं तर फोनवर एकेक मुद्दा नंबर घालून टिपून घेत होता. मी काही बोललो नाही.

माझं सगळं निवलंय असंही नाही. तिच्या काठ्या माळ्यावर आहेत. दिवाळीच्या सफाईत मी त्या उतरवतो, पुसतो, परत ठेवतो. बायकोला माहीत आहे, लेकीला माहीत असावं. ती आता युनिव्हर्सिटीत आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. आकड्यांशी तिचं वैर नव्हतं म्हणजे.

गेल्या थंडीत मला खरोखरचा खोकला झाला. रात्री मी बाहेरच्या खोलीत, ती टेबलाशी अभ्यासाला. मला उबळ आली, एकदा, मग लागोपाठ दोनदा. तिचा पेनाचा हात थांबला. मान वर न करता तिनं विचारलं, "खरा आहे ना?"

"खरा आहे गं," मी म्हटलं.

"मग लवंग घ्या. डब्यात आहे, वरच्या फळीवर."