16 आठवडे, 45 ट्रे अंडी आणि घर

आधी मी कोण ते सांगतो. वय 36, राहायला कोल्हापुरात कसबा बावडा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतायचा कारखाना) मेल्टिंगला सुपरवायझर, तीन शिफ्ट. घरात आई, बायको आणि दुसरीतली पोरगी. बायको पतसंस्थेत काउंटरला असते. जिमला जायला लागून 12 वर्षं झाली, म्हणजे लग्नाच्या आधीपासूनचा नाद, पण स्टेजवर कधी गेलो नव्हतो. मग गेल्या वर्षी गणपतीत डोक्यात बसलं की चाळिशीच्या आत एकदा तरी जिल्ह्याच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धेत 70 किलो गटात उभं राहायचंच. वजन होतं 78. कोचनं सांगितलं 16 आठवडे लागतील, आठवड्याला अर्धा-पाऊण किलोच्या वर उतरवायचं नाही, घाई केलीस तर चरबीबरोबर मसल पण जाईल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालू केलं, स्पर्धा जानेवारीच्या शेवटी. मधी दसरा, दिवाळी, दोन लग्नं आणि एक बारसं. हे कॅलेंडर मी तेव्हा बघितलंच नाही, बायकोनं बघितलं होतं, बोलली नाही एवढंच.

आता कोल्हापुरात हे खूळ कुणाला नवीन नाही म्हणा. माझा आज्जा तालमीत होता, त्याच्या गोष्टी ऐकत मोठा झालोय. पहाटे तीनला उठून जोर-बैठका, लाल माती, मग थंडाई, दूध, तूप, आणि वर्षातनं एखादी कुस्ती खासबाग मैदानावर लागली तर सगळ्या घराण्याचा उद्धार. शाहू महाराजांनी ते मैदान बांधलं 1912 ला, आणि तेव्हा पैलवानांना राजाश्रय होता, खुराकाची काळजी दरबार करायचा. नंतरच्या पैलवानाला खुराक घरनं यायचा, त्यासाठी बापानं म्हस विकली, शेत गहाण टाकलं अशी उदाहरणं अजून गावोगाव सापडतील. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात उशिरा शिरली. तो पैलवान तालमीतच राहायचा, तिथंच जेवायचा, तिथंच झोपायचा. लंगोटाचा पक्का, बायको नाही पोरं नाहीत, आणि ते सगळं त्यासाठीच होतं. आणि मी तीच भक्ती घेऊन टू बीएचकेत राहत होतो, होम लोनचा हप्ता, आईच्या बीपीच्या गोळ्या आणि पोरीची स्कूल व्हॅन सांभाळत. म्हणजे सांभाळत असं मला वाटायचं.

डाएट असं होतं. दिवसाला 160 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. त्यात 12 अंड्यांचं पांढरं, 300 ग्रॅम चिकन ब्रेस्ट, एक स्कूप व्हे (दुधापासनं केलेली प्रोटीन पावडर), दही, मूग. पहिल्या महिन्यात भात मोजून, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात वाटीच्या तळाला. 12 अंडी रोज म्हणजे 30 चा ट्रे अडीच दिवसात संपतो. पांढरं माझं, आणि पिवळं एका स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये. आईला अन्न टाकणं म्हणजे पाप, ती पहिल्या दिवशी डबा बघून म्हणाली, "आरं ह्या पिवळ्यानं काय घोडं मारलंय तुझं?" मग तिनं त्याची भुर्जी सुरू केली. नुसत्या पिवळ्याची भुर्जी खाऊन बघा एकदा, घशाखाली उतरत नाही, पिठल्यासारखी चिकटते. पहिला आठवडा सगळ्यांनी खाल्ली, दुसऱ्या आठवड्यात पोरगी रडायला लागली, मग शेजारच्या वहिनींकडं, मग खालच्या वॉचमनकडं, आणि नोव्हेंबरपर्यंत गल्लीतली दोन कुत्री आमच्या दारात बसायला लागली, त्यांची केसं अशी चमकायला लागली की लोक विचारायचे काय घालता.

मी हसतोय आता. तेव्हा मला तो डबा दिसतच नव्हता. मला दिसायचा आरसा, वजनकाटा आणि मोबाईलमधला चार्ट.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला मी घरात नव्हतो. जिम बंद होती पण मी आदल्या दिवशी मालकाकडनं किल्ली मागून घेतली होती, लेग डे चुकवायचा नव्हता. साडेसहाला परत आलो तर उटणं वाटीत वाळून गेलेलं, पोरगी नवीन फ्रॉक घालून बाहेर किल्ल्यापाशी बसलेली, मावळे तिनं आणि समोरच्या पोरानं मिळून मांडले होते. मला म्हणाली, "पप्पा तुम्ही जोर काढा, आम्ही बघतो." रागानं नाही हो, अगदी साधं म्हणाली, ते जास्त लागलं. पण लागून किती, दहा मिनिटं. मग मी माझा डबा उघडला.

डिसेंबर उजाडेपर्यंत वजन 72 आणि माणूस म्हणून मी संपलो होतो. सारखी थंडी वाजायची. पंचगंगेवरनं गार वारं येतं आमच्याकडं पण असली थंडी कधी वाजली नव्हती, रात्री दोन स्वेटर घालून झोपायचो. भट्टीजवळ बाकीची पोरं घामानं निथळत असायची आणि मी मुद्दाम तिथंच जाऊन उभं राहायचो शेकत. झोप तुटक, चिडचिड, कुणी भांडं वाजवलं तरी डोकं फिरायचं. आणि बायकोशी... ते सुद्धा सगळं बंद, इच्छाच मरते, शरीर उपाशी आहे म्हटल्यावर ते आधी हार्मोनचं दुकान बंद करतं. हे कुणी सांगत नाही, सगळे फक्त कट्सचे, म्हणजे मसलच्या रेघा उठून दिसणारे, फोटो दाखवतात.

मग कामावर ती रात्र आली. थर्ड शिफ्ट, एसजी आयर्नची (एका जातीचं ओतीव लोखंड) हीट होती, म्हणजे भट्टीतला एक घाणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या धातूला ओतायच्या आधी मॅग्नेशियमची ट्रीटमेंट द्यावी लागते, त्यानं आतल्या ग्राफाइटचे बारीक गोळे होतात आणि कास्टिंगला ताकद येते. पण ट्रीटमेंट झाली की घड्याळ चालू, मॅग्नेशियम हळूहळू उडून जातं, आमच्याकडं 10 मिनिटांच्या आत लेडल (ओतायचं भांडं) रिकामं झालंच पाहिजे. टाईम लिहायचं काम माझं. मी पाटीवर लिहिलं आणि दोन बॉक्स (साचे) ओतून झाल्यावर क्रेन अडकली. ऑपरेटर ओरडला, साहेब किती झालं? मी पाटीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि मला वजाबाकी येईना. खोटं नाही सांगत, 2:04 आणि 2:17, हे दोन आकडे समोर आहेत आणि मधलं अंतर डोक्यात तयार होत नाही, नुसतं फडफडतंय. मी म्हणालो, "हाय टाईम, ओता." सकाळी लॅबनं मायक्रोस्कोपखाली तुकडा बघितला, गोळे बनलेच नव्हते धड. 18 कास्टिंग रिजेक्ट. बरं झालं लॅबमध्ये सापडलं, त्यातलं एखादं कुणाच्या गाडीखाली गेलं असतं तर? मॅनेजरनं केबिनमध्ये घेऊन जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि त्यांचं काही चुकलं पण नाही.

घरी आलो, कुणाला सांगितलं नाही, आणि झोपायच्या आधी सेटची वही काढली. ही वही शंभर पानी, मी पुढनं लिहितो, बेंच किती, डेडलिफ्ट किती, वजन किती. काहीतरी शोधताना मागची पानं उघडली तर बायकोचं अक्षर. तिनं मागच्या बाजूनं हिशोब ठेवला होता. तारीख, अंडी किती ट्रे, चिकन किती, व्हेचा डबा. आणि शेवटच्या कॉलममध्ये नुसते आकडे, 20, 35, 15, 0, 40, 0, 0. संध्याकाळी ती कामावरनं आल्यावर विचारलं, हे काय. म्हणाली, "मिनिटं. तुम्ही घरी जागे आणि डबा, मोबाईल, आरसा ह्यातलं काही हातात नाही अशी मिनिटं." मी म्हणालो असं कसं, मी घरातच तर असतो. तर म्हणाली, "अहो, तुम्ही घरी डबे धुवायला टाकायला येता."

ती भांडली असती तर मी पण भांडलो असतो, माझ्याकडं उत्तरं तयार होती. दारू पित नाही, मावा खात नाही, मित्रांबरोबर बाहेर नाही, व्यायामच तर करतोय. जिममधला प्रत्येक जण घरी हेच सांगतो. पण कॉलममधल्या शून्याला काय उत्तर देणार?

तरी स्पर्धा सोडली नाही. बायकोच म्हणाली 12 आठवडे काढून आता सोडू नका, पण उरलेले चार आठवडे माझ्या पद्धतीनं. तिची पद्धत म्हणजे काय तर थर्ड शिफ्टच्या आठवड्यात जिम तीनच दिवस, कामावर जायच्या आधी भात पोटभर, आणि रात्री आठ ते नऊ मोबाईल फ्रीजवर. कोच नाराज. तसा तो शेवटच्या आठवड्यात अजून नाराज झाला कारण त्यानं पाणी तोडायला सांगितलं आणि वर एक गोळी दिली, लघवी जास्त होऊन पाणी उतरायची. मी नाही घेतली. बेनाझिझा म्हणून मोठा बॉडीबिल्डर होता, 1992 ला हॉलंडमध्ये स्पर्धा झाल्याबरोबर गेला, पाणी काढायच्या नादात हृदय बंद पडलं, हे मी फार वर्षांपूर्वी वाचलेलं डोक्यात होतं. आणि त्यात शहाणपण पण नाही बघा, मसलमध्ये जो ग्लायकोजेन (खाल्लेल्या भात-भाकरीची साठवलेली साखर) साठतो तो एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो, पाणीच तोडलं तर मसल भरणार कशानं? स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषय ऑक्टोबरातच निघाला होता, "सगळेच घेतात" म्हणून. तेव्हा नाही म्हणालो ते बायकोला घाबरून, खरं तेच.

स्पर्धेचा दिवस पटकन सांगतो कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. वजन भरलं 69.6. टॅन लावला, तेल लावलं, मागं वेटिंगला चार तास उभा, स्टेजवर सगळं मिळून काही मिनिटं. डबल बायसेप्स बरा झाला, बॅक पोझला पाय थरथरले. 14 जण होते, मी सहावा आलो, बक्षीस पाचपर्यंत. पोरीनं मला स्टेजवर ओळखलंच नाही, आईनं दाखवल्यावर पण म्हणे हे पप्पा नाहीत. रात्री तांबडा-पांढरा ओरपला, किती वाट्या ते विचारू नका, आणि टॅन आईच्या ठेवणीतल्या चादरीला लागला तो अजून गेला नाही. पुढच्या 10 दिवसात 5 किलो वाढलो, पायाला बोट दाबलं तर खड्डा पडायचा, एवढं पाणी. स्पर्धेनंतर कसं खायचं ह्याचा चार्ट मी मागितलाच नव्हता. ज्यांना स्पर्धेत उतरायचं असेल त्यांनी तो आधी मागा, वजन उतरवायच्या चार्टच्या आधी.

त्याला आता सात महिने होऊन गेले. आठवड्याला चार दिवस जातो, 50 मिनिटं, थर्ड शिफ्टला दोनच. सुरुवातीला वाटायचं सगळं वितळून जाणार, रोज दंड मोजायचो टेपनं. काही वितळलं नाही. कमावलेलं टिकवायला कमावताना लागतात त्याच्यापेक्षा बरेच कमी सेट पुरतात, फक्त वजन जड ठेवायचं, हे वाचलं होतं पण विश्वास आता बसला. डेडलिफ्ट 160 होती, आज 155 आहे, त्या 5 किलोसाठी कोण रडतंय. अंडी चार, अख्खी, पिवळ्यासकट. चिकन रविवारी मी स्वतः शिजवतो तीन दिवसांचं, बायकोच्या गॅसवर तिच्या वेळेत नाही. बाकी घरातलं जेवण, भाकरी, आमटी, भाजी, सगळ्यांच्या पंगतीत बसून. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पोरीला खांद्यावर घेऊन टेंबलाई टेकडी चढलो, पुढं पी ढबाक (यात्रेतलं वाजाप) वाजतंय, तेवढ्यात खालनं एक जिमवाला ओरडला, "भावा, शोल्डर डे काय?" घरी येऊन मटण खाल्लं आणि ग्रॅम मोजले नाहीत.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. अजून एखाद्या दिवशी जिम चुकली की मी घरात कुरकुरत फिरतो, आणि फॉर्मवर असलेल्या पोरांचे फोटो बघितले की पोटात कालवतं. सहावा आलो हे जास्त खुपतं, शेवटचा आलो असतो तर विषय संपला असता. म्हणून परवा रात्री जेवताना हळूच काढलं, ह्या जानेवारीला परत उभं राहू का, ह्यावेळी 20 आठवडे घेऊ, सावकाश, शिफ्ट बघून. बायको काही बोलली नाही, वही आणली, मागचं कोरं पान उघडलं आणि कॉलम आखायला लागली. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ते राहू दे. पिवळं कोण खाणार ते आधी लिहा."