जरा मध्ये सरका

मंगळवार, रात्री ११.४०

गादी घेतली नाही. दुकानातून येऊन पाच तास झाले. स्वयंपाक झाला, भांडी झाली, उद्याची मटकी निवडून झाली, तरी त्या मुलाचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. ‘काकू, जरा मध्ये सरका.’

किती साधेपणाने म्हणाला तो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ओळीने गाद्या मांडलेल्या होत्या. चपला काढा, आडव्या व्हा, निदान दहा मिनिटं पडून राहा, हाताने दाबून गादी कळत नाही, असं त्याचं म्हणणं. फिजिओच्या बाईंनीही हेच बजावून पाठवलं होतं. चार लोकांसमोर आडवं व्हायचा संकोच वाटला, पण ओढणी सावरली आणि पडले. ७८ बाय ७२ची अख्खी गादी एकटीला मोकळी. आणि मी पडले ती थेट उजव्या काठाला. एक हात खाली लोंबत होता.

सानू म्हणाली, ‘आई, तू घरीपण अशीच झोपतेस. आत्ता पडेल की मग पडेल अशी.’

त्याआधी त्याने विचारलं होतं, कुशीवर झोपता की पाठीवर? मी ठामपणे ‘पाठीवर’ म्हटलं. हे फोनमधून मान वर न करता म्हणाले, ‘कुशीवर. दाराकडे तोंड करून.’ म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाच ठाऊक नाही मी कशी झोपते.

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. मुलगा बिचारा मन लावून सांगत होता. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर गादीत थोडी रुतायला हवी, नाहीतर मणका वाकडा राहतो. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, नासाने १९६०च्या दशकात विमानांतल्या आसनांसाठी तो करवून घेतला होता. मी पंजा दाबून धरला, उचलला. पाच बोटं स्पष्ट उमटली आणि मग सावकाश भरून आली. ते मात्र मी बघत राहिले.

पाठदुखीला कडकच गादी, हे मी इतकी वर्षं धरून बसले होते. माईंना तर डॉक्टरांनी फळीवर झोपवलं होतं. रिक्षात सानूने फोनवर वाचून दाखवलं, स्पेनमधल्या डॉक्टरांनी कंबरदुखीच्या ३१३ माणसांना कडक आणि मध्यम कडक अशा गाद्यांवर ९० दिवस झोपवून पाहिलं, २००३ साली लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला. माईंना उगाच फळीवर… जाऊ दे.

घरी आल्याबरोबर पलंगावरची चादर काढली. आपली काथ्याची गादी, सानू बालवाडीत होती तेव्हाची. ह्यांच्या बाजूला एक खोलगट जागा आहे, ती अपेक्षित होती. माझ्या बाजूला खड्डा आहे तो पार काठाला लागून. जेमतेम दीड वीत रुंद, लांबच लांब, पन्हळीसारखा. तिथे काथ्याचा पार भुगा झालाय. आणि मधला पट्टा अजून ताठ, खोळीवरची निळी फुलंसुद्धा तिथे उठून दिसतात. चौथीपर्यंत सानू तिथे झोपायची. त्यानंतर तिथे कुणीच नाही. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तो खड्डा बघून मला रडूच आलं. इतकी मोठी गादी आणि माझ्या वाट्याला दीड वीत? कुणी दिली मला ती दीड वीत? रात्री दूध, मग पाळण्याची दोरी, मग हॉलमधून माईंचा खोकला. दाराजवळची बाजू माझीच, कारण उठायचं मला. या घरात कुणी एकदा तरी म्हणालं का, जरा मध्ये सरक? ते म्हणायला एक परका पोरगा लागला, तोही गादी विकण्यासाठी.

भाजी चिरताना हेच घोळवत होते. चिरता चिरता साताऱ्याचं माजघर आठवलं. संध्याकाळी घडवंचीवरून गाद्या उतरायच्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत आम्ही सातजण. दाराजवळची गादी माझी. अण्णांची दुसरी पाळी असली की बारा-साडेबाराला ते यायचे आणि कडी काढायची मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती जागा मी भांडून मिळवली होती दादाकडून. अण्णा आत येताना डोक्यावर हात ठेवून जायचे, तो फक्त दाराजवळच्याला मिळायचा.

म्हणजे काठ लग्नाआधीपासूनच आहे. ह्यांच्यावर कसं ढकलू?

त्या गाद्या कापसाच्या. दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा, अंगणात धनुकलीचा टँव टँव आवाज आणि आमच्या केसांत, भुवयांत कापूस. दबून दगड झालेला कापूस संध्याकाळपर्यंत ढिगासारखा फुगायचा. नवीन खोळ, मोठ्या सुईने टाके, आणि तीच गादी पुन्हा उंच. कुणाचाही खड्डा त्यात राहायचा नाही. काथ्याचं तसं नाही, एकदा तुटला की तुटला. जुनी गादी आम्हीच घेऊन जातो, म्हणाला तो मुलगा. कुठे नेतात, ते विचारायचं राहिलं.

जेवणं झाल्यावर हे बातम्या बघत होते, तेव्हा खोलीत जाऊन मुद्दाम मध्ये झोपून पाहिलं. बरोब्बर मध्ये, पाठीवर. डोक्यावर पंखा, दोन्हीकडे हात पसरले तरी काही लागेना. दहा मिनिटं मोजून पडले. छातीवर दडपण आल्यासारखं झालं. मग सरकत सरकत काठाला आले, हात खाली सोडला, खिडकीची झुळूक तोंडावर आली, आणि डोळे मिटायला लागले.

सवयीने आवडतं की खरंच आवडतं? तासभर विचार केला, सुटलं नाही. सवय लागली तेव्हाही मीच होते ना. संध्याकाळी वाटलं तितकं आता वाईट वाटत नाही. काठ माझा आहे, तर तो धड हवा. एवढं तरी मागता येतं.

सानूला सांगितलंय, उद्या परत जाऊ. त्याला विचारायचं की काठाला दबणार नाही अशी कुठली. नुसत्या फोमची मी कडेला बसले तर खचत होती, आज जाणवलं होतं मला. स्प्रिंगवाल्या एकीला चारही बाजूंनी जाड फोमची चौकट होती, तिच्यावर आधी बसून बघेन, मग कुशीवर पडेन, दाराकडे तोंड करून. त्याने मध्ये सरका म्हटलं तर सांगेन त्याला.

टेप लावून पलंग मोजला. सुताराने आतून ७५च ठेवलाय, ७८ची बसणार नाही. हे वहीत लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन.

माईंची खाट अजून हॉलमध्ये आहे. तिचं बघायचंय.