एसीची वही : गॅस सगळ्यात शेवटी

घरातल्या दोन एसींच्या मोजमापांची वही मागच्या वेळी उघडून दाखवली तेव्हा तीत नुसती तापमानं होती. आता अँपिअर आलेत, ड्रेनमधून पडणाऱ्या पाण्याचं माप आलंय, आणि दोन्ही मशीनची दुखणी बऱ्यापैकी उलगडली आहेत. एक मशीन जुनी, दीड टनाची, फिक्स्ड स्पीड स्प्लिट, म्हणजे जिचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) एकाच वेगाने चालतो अशी. दुसरी इन्व्हर्टरवाली, म्हणजे हा वेग कमी-जास्त करणारी, थंड-गरम दोन्ही करणारी, आर-३२ गॅसवर चालणारी.

एसी थंड करत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: गॅस कमी झालाय, भरून घ्या. मला हे उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही ते आता आकड्यांत सांगता येतंय. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो जळत नाही, झिजत नाही, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाच असणार. गळती होतच नाही असं नाही, पण तिच्याआधी हवा, पाणी आणि वीज तपासून व्हायला हवी. हे तिन्ही बरंचसं घरच्या घरी तपासता येतं.

जुन्या मशीनपासून सुरुवात

इनडोअरच्या (खोलीतल्या पेटीच्या) वरच्या जाळीतून आत शिरणारी हवा आणि खालून बाहेर पडणारी हवा, या दोन्हींच्या तापमानातला फरक हा माझा पहिला आकडा. दोन प्रोबचा साधा डिजिटल थर्मामीटर त्यासाठी पुरतो. ब्लोअर फुल, सेट तापमान सगळ्यात खाली, आणि मशीन पंधरा-वीस मिनिटं सलग चालल्यावर वाचन घ्यायचं. तब्येतीने ठीक असलेली मशीन साधारण ८ ते १२ अंशांचा फरक देते. जुनी मशीन देत होती ६. आत शिरणारी हवा २९, बाहेर पडणारी २३.

इथेच गॅसचा निकाल लावून मोकळं होण्याचा मोह होतो. पण हा फरक हवेतल्या दमटपणावरही अवलंबून असतो. हवेत बाष्प जास्त असेल तर मशीनची बरीच ताकद त्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते आणि हवा कमी थंड होते. ही ताकद मोजता येते, आणि मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद देणारं मोजमाप हेच आहे. ड्रेन पाइपाखाली मापाचं भांडं ठेवायचं आणि तासाभरात किती पाणी जमतं ते बघायचं. तासाला एक लिटर पाणी म्हणजे सुमारे ६८० वॅट नुसत्या बाष्पावर खर्च झाले. दीड टनाच्या मशीनची क्षमता सव्वापाच किलोवॅटच्या आसपास. तासाला दोन लिटर पडत असतील तर चौथा हिस्सा तिकडेच गेला, आणि फरक ७ वर आला तरी मशीन निर्दोष असू शकते. माझ्या भांड्यात तासाला पाऊण लिटरच्या थोडं वर पाणी येत होतं, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. दमटपणाकडे बोट दाखवायला जागा उरली नाही.

मग हवेचा प्रवाह. फिल्टर स्वच्छ होता, ब्लोअरच्या पात्यांवर बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं, तीही स्वच्छ. तसंही प्रवाह कमी असता तर फरक वाढला असता, घटला नसता. हे नीट लक्षात ठेवा: फरक १५ अंशांवर गेला म्हणून खूश व्हायचं नाही. थोडीशीच हवा कॉइलवरून (गॅसच्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून) रेंगाळत जाते, म्हणून ती जास्त गार होते, आणि खोली मात्र तापलेलीच राहते. अशा वेळी फिल्टर आणि ब्लोअर बघायचे.

उरले दोन संशयित: गॅस, किंवा आउटडोअरची (घराबाहेरच्या पेटीची) कॉइल. इथे तारेभोवती जबडा धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने निकाल दिला. फिक्स्ड स्पीड मशीनमध्ये गॅस कमी झाला की कॉम्प्रेसरवरचा भार हलका होतो आणि करंट नेमप्लेटवर (मशीनवरच्या माहितीपट्टीवर) छापलेल्या आकड्यापेक्षा खाली येतो. आउटडोअरला उष्णता बाहेर टाकता येत नसेल तर उलटं होतं, दाब चढतो आणि करंट वाढतो. नेमप्लेटवर ७.४ अँपिअर, मीटरवर ८.५. गॅस कमी असता तर हा आकडा आला नसता. (क्लॅम्पच्या जबड्यात फक्त फेजची तार जायला हवी. अख्खी केबल पकडली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचं छोटं एक्स्टेन्शन करून घेतलंय, त्यात फेजची तार इन्सुलेशनसकट वेगळी काढलेली आहे.)

आउटडोअर समोरून पाहिलं तर चकचकीत दिसत होतं. पण पंखा हवा फेकतो समोरून आणि ओढतो मागून व बाजूने, त्यामुळे धूळ बसते ती भिंतीकडच्या अंगाला, जिथे आपली नजर जात नाही. मोबाइल मागे घालून फोटो काढला तर फिन्स (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) दिसतच नव्हत्या. धूळ, तंतू आणि केसांची करडी गोधडीच चढली होती. मेन स्विच बंद केला, विजेची पेटी प्लॅस्टिकने झाकली, आधी मऊ ब्रशने वरून खाली, फिन्सच्या दिशेने, कोरडी धूळ काढली. मग पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीच्या हलक्या धारेने धुतलं. धूळ ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने तिला परत ढकलायची, नाहीतर ती आणखी खोल रुतते. जोराच्या धारेचं यंत्र मुळीच वापरू नये, ॲल्युमिनियमच्या फिन्स क्षणात आडव्या होतात. आधीपासून वाकलेल्या फिन्स कंगव्याने सरळ केल्या.

कोरडं झाल्यावरचं वाचन: फरक ११ अंश, करंट ७.१. गॅसला हातही लावलेला नाही.

बर्फ वाचायला शिकणं

कॉइलवर बर्फ धरला की दोन शक्यता असतात, आणि बर्फ कुठे आहे यावरून त्या बऱ्याचशा वेगळ्या करता येतात. हवेचा प्रवाह कमी असेल तर इनडोअरची कॉइल जवळपास सगळीकडे सारखीच गोठते आणि आउटडोअरकडे जाणाऱ्या जाड नळीवरही बर्फ येतो. गॅस कमी असेल तर कॉइलचा सुरुवातीचा थोडाच भाग गोठतो, बाकीची कोरडी आणि कोमट राहते. अनेक स्प्लिटमध्ये आउटडोअरच्या बारीक नळीच्या नटापाशी पांढरी किनार दिसते. जाड नळी मात्र हाताला गार लागत नाही. पहिल्या शक्यतेत उपाय घरचाच: थंड मोड बंद करून फक्त पंखा चालू ठेवायचा, बर्फ वितळू द्यायचा, फिल्टर धुवायचा. टोकदार वस्तूने बर्फ खरवडू नका. त्याच्या मागे पातळ नळी आहे, आणि तिला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल.

इन्व्हर्टरचं गळणारं पाणी

इनडोअरमधून भिंतीवर ओघळ येत होते. आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते ठरवलं. नळ्यांवरचं फोमचं आवरण फाटलं की उघड्या तांब्याला घाम फुटतो, आणि तो ओघळही ड्रेनच्या गळतीसारखाच दिसतो. टिपकागद एकेका जागी लावून पाहिला, आवरण ठीक निघालं. मग मशीन बंद ठेवून कॉइलखालच्या ट्रेमध्ये सावकाश पेलाभर पाणी ओतलं आणि बाहेरच्या टोकाकडे पाहिलं. थेंब थेंब येत होतं. वाट तुंबलेली होती.

ओला कचरा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला लावला, फटीभोवती कापड आवळलं. आतून तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत गोळा निघाला. तरीही पाणी अडखळत येत होतं, म्हणून पाइप अख्ख्या लांबीत हाताने चाचपला. मध्येच एका जागी तो पोटासारखा खाली आला होता आणि पुढे परत वर चढत होता. त्या खोलगटात पाणी साचून राहतं, हवा अडकते, आणि शेवाळाला मुक्कामाची जागा मिळते. क्लिप लावून सलग उतार दिला, मीटरमागे एक सेंटीमीटर तरी हवाच. पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं होतं, तेही वर काढलं. तेव्हापासून भिंत कोरडी आहे. ड्रेनसाठी ॲसिड किंवा कडक ब्लीच सुचवणारे भेटतील. कॉइल ॲल्युमिनियमची आणि तांब्याची आहे, तिच्या आसपास मी हे काही नेणार नाही.

विजेची बाजू

इथे मी ठरवून सावकाश जाते. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये आउटडोअर घुमतं पण कॉम्प्रेसर उठत नाही, थोड्या वेळाने ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) सुटतो आणि सगळं शांत होतं, असं झालं तर पहिला संशय रन कॅपॅसिटरवर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरला फिरायला मदत करणाऱ्या, वीज साठवणाऱ्या डबीवर. वीज मुख्य स्विचपासून तोडायची, थांबायचं, मग २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने टर्मिनलवर लावून साठलेला भार उतरवायचा, आणि व्होल्ट शून्य आल्याचं मीटरवर बघितल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे पाहिलेत, ती पद्धत धोक्याची आहे. माझ्या हाताशी असलेल्या एका जुन्या कॅपॅसिटरवर ३५ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, असं छापलंय. मीटरने दाखवले २४. तो वरून फुगलेला नव्हता, गळलेला नव्हता, बघून कुणालाही शंका आली नसती.

इन्व्हर्टरचं आउटडोअर मात्र मी उघडत नाही. आतल्या बोर्डावर तीनशे व्होल्टहून जास्त डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. मीटर घेऊन फिरणाऱ्या नव्या मंडळींनाही हेच कळकळीने सांगणं आहे.

सेन्सर मात्र जरूर तपासा. इनडोअरमध्ये हवेचा एक आणि कॉइलचा एक, असे दोन छोटे थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारे सेन्सर) असतात. वीज बंद करून प्लग काढायचा आणि ओहम मोजायचे. बरेच १० किलोओहमचे असतात, काही ५ चे, आणि हा आकडा २५ अंशांचा. बर्फाच्या पाण्यात डोकं बुडवलं की रोध साधारण तिपटीच्या आसपास चढायला हवा, आणि चढताना सलग चढायला हवा. मध्येच उड्या मारत असेल तर तो बदलायचा. मशीन मनाला येईल तेव्हा बंद पडते, असं वागणं कित्येकदा याच मोत्याएवढ्या पार्टमुळे असतं.

किरकोळ दोन गोष्टी. रिमोटचं बटण दाबून त्याचा पुढचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, लुकलुकला तर रिमोट सिग्नल सोडतोय (मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यातून बघा). आणि बंद करून लगेच चालू केल्यावर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं उठत नाही, तो बिघाड नाही. नळ्यांतले दाब समान व्हायला तेवढा वेळ दिलेला असतो.

गरम मोड

थंड-गरम मशीनबद्दलची निम्मी घबराट डीफ्रॉस्टमुळे होते. गरम मोडमध्ये आउटडोअरची कॉइल थंड असते, गारठ्यात तिच्यावर हिम धरतं, आणि ते वितळवायला मशीन काही मिनिटं चक्र उलटं फिरवते. आतला ब्लोअर थांबतो, गॅसची दिशा उलटवणारा फोर-वे व्हॉल्व्ह फुस्स करतो, बाहेरून वाफ निघते, खाली पाणी सांडतं. हे सगळं सुरळीत आहे. हिम तासन्‌तास तसंच राहिलं किंवा जाड बर्फ झाला, तर मात्र सेन्सर किंवा व्हॉल्व्हकडे बघायला हवं. खोली वर गरम आणि पायाशी गार राहत असेल तर आधी झडपा खाली करा, गरम हवा आपण होऊन खाली येत नाही.

पाण्याच्या रेडिएटरवर माझा फार हात बसलेला नाही. एवढं पक्कं: वरचा भाग गार असेल तर आत हवा अडकलीय, ती किल्लीने सोडता येते. खालचा गार असेल तर गाळ साचलाय. गॅसवर जळणाऱ्या हीटरची ज्योत निळी सोडून पिवळी झाली किंवा आसपास काजळी दिसली तर तो बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, जाणकाराला बोलवायचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून अशा घरात त्याचा अलार्म हवाच. इथे छंदाला जागा नाही.

आता गॅस

गॅस भरणं मी करत नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर सरळ प्रोपेन आहे. शिवाय हवेत सोडलेला आर-३२ कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमानवाढ करतो, आर-४१०ए हा दुसरा गॅस २,०८८ पट. गळती न शोधता गॅस भरणं ही दुरुस्तीच नव्हे. पण शोधायला मदत आपण करू शकतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळ्यांतून फिरतं, त्यामुळे जिथून गॅस झिरपतो तिथे बहुतेकदा तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. फ्लेअर नटांवर (नळीचं पसरट केलेलं टोक आवळून धरणाऱ्या नटांवर) साबणाचं घट्ट पाणी लावून बुडबुडे बघायचे.

जुन्या मशीनच्या जाड नळीच्या नटाखाली मला असा डाग दिसला आहे. बुडबुडे आले नाहीत, आणि आकडेही सध्या गॅस पुरेसा असल्याचं सांगतात. डाग जुन्या कामाचाही असू शकतो. म्हणून नट स्वच्छ पुसून त्याभोवती पांढरा टिपकागद गुंडाळला आहे, आणि दर आठवड्याच्या फरक-करंटच्या नोंदीबरोबर कागदही बघते आहे. तेल उमटलं तर मेकॅनिकला बोलावून आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग फ्लेअर नव्याने करून टॉर्क रेंचने आवळणं, मग व्हॅक्यूम, आणि त्यानंतर नेमप्लेटवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरणं, या क्रमाने काम करून घेणार आहे.