पासपोर्ट, पदवी आणि ‘पी’चा उच्चार

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीने सांगलीहून एक लांबलचक संदेश पाठवला. तिचे बी.एस्सी. आणि बी.एड. झाले आहे, भौतिकशास्त्र शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव तिच्या गाठीशी आहे आणि तिचे इंग्रजी खरोखरच चांगले आहे. “मावशी, चिनी मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी मला मिळेल का गं? माझ्या पदवीला तिकडे कोण विचारणार, पण इंग्रजी तर चालेल ना?” असे तिने विचारले होते. मी ऑगस्ट २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगदू शहरात आले, तेव्हापासून ओळखीच्या आणि अनोळखी अशा अनेकांनी हा प्रश्न मला विचारला आहे. तिला मी जे कळवले, ते ऐकून ती थोडी हिरमुसली. चीनमध्ये तिची पदवी चालेल, तिचे इंग्रजी मात्र कागदोपत्री चालणार नाही, असे मी तिला लिहिले होते.

याचे कारण सरळ आहे. चीनमध्ये परदेशी माणसाला भाषा शिकवण्यासाठी कामाचा परवाना हवा असेल, तर ती त्याची मातृभाषा असावी आणि ती जिथे बोलली जाते त्या देशाचा तो नागरिक असावा, अशी तिथल्या नियमांची सर्वसाधारण अपेक्षा आहे. त्यामुळे इंग्रजीच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या जाहिरातींत अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांची यादी जवळजवळ ठरलेली असते. त्या यादीत भारत नसतो. पुण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी माध्यमातून सात वर्षे गणित शिकवल्यावर मी जेव्हा अर्ज करायला सुरुवात केली, तेव्हा एकाही मध्यस्थाने माझी पदवी आधी विचारली नाही. पहिला प्रश्न पासपोर्ट कोणत्या देशाचा हा असे आणि दुसरी मागणी फोटोची असे. फोटो कशासाठी, हे मी एकदा विचारले, तेव्हा पालकांना शिक्षक कसा दिसतो हे पाहायचे असते, असे उत्तर आले. त्या उत्तरात निदान प्रामाणिकपणा होता.

भाचीने पाहिलेले व्हिडिओ तर त्याहून जुन्या काळातले होते. घरी बसून, डोक्याला हेडफोन लावून, बीजिंग-शांघायच्या लहान मुलांना पंचवीस मिनिटांचे इंग्रजीचे तास देणाऱ्या परदेशी शिक्षकांचा तो काळ होता. २४ जुलै २०२१ रोजी चिनी सरकारने ज्याला तिकडे ‘श्वांगच्येन’, म्हणजे दुहेरी कपात, म्हणतात ते धोरण जाहीर केले. शाळेचा गृहपाठ आणि शाळेबाहेरच्या शिकवण्या या दोन्हींचा भार कमी करणे हा त्याचा हेतू होता. शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्याची बंदी झाली, शनिवार-रविवार आणि सुट्टीतले वर्ग थांबले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेणेही बंद झाले. इंग्रजी हा शालेय विषय असल्याने तो सगळा डोलारा काही आठवड्यांत खाली आला. ते व्हिडिओ मात्र अजून तसेच फिरत आहेत आणि आपल्याकडची मुले ते पाहून स्वप्ने रंगवतात.

एका मध्यस्थाने मला तोडगाही सुचवला होता. व्यापारी व्हिसावर या, बालवाडीत इंग्रजी शिकवा, पगार रोख मिळेल आणि पुढचे पुढे पाहू, असा तो तोडगा होता. आपल्यासारख्या पासपोर्टवाल्यांना असे प्रस्ताव हमखास येतात, म्हणून हे स्पष्ट लिहिते: कामाचा व्हिसा हा झेड व्हिसा असतो, व्यापारी किंवा पर्यटक व्हिसावर शिकवणे बेकायदेशीर आहे, आणि पकडले गेल्यास दंड, कोठडी आणि परत पाठवणी यांना शिक्षकच सामोरा जातो, मध्यस्थाचा फोन तोवर बंद झालेला असतो. मी त्याला नकार कळवला आणि तीन आठवडे कोणाशीही काही बोलले नाही, इतका त्या सगळ्याचा वीट आला होता.

मार्ग सापडला तो गणितामुळे. चीनमधल्या अनेक मोठ्या शाळांना एक आंतरराष्ट्रीय विभाग असतो. त्यातली मुले गावखाव ही जून महिन्यातली राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देत नाहीत, तर केंब्रिजच्या ए लेव्हलसारख्या परीक्षा देऊन परदेशी विद्यापीठांत जातात. तिथे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकवायचे असते आणि त्या विषयांच्या शिक्षकाकडून मातृभाषेची अपेक्षा नसते, तर विषयातली पदवी आणि निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो. दोन मुलाखती आणि कलनशास्त्राचा एक प्रात्यक्षिक तास व्हिडिओवर झाला आणि माझी निवड झाली. त्यानंतर कागदांची वारी सुरू झाली. पदवीची पडताळणी आधी विद्यापीठात, मग मंत्रालयात, मग परराष्ट्र खात्यात आणि शेवटी चिनी वकिलातीत झाली, पोलिसांचा दाखला पारपत्र कार्यालयातून काढला, आणि आधीच्या महाविद्यालयाचे अनुभवाचे पत्र मला तीनदा बदलून घ्यावे लागले, कारण त्यात रुजू होण्याची तारीख होती पण सोडण्याची नव्हती. हे सगळे शाळेने तिकडे सादर केले, तिथून परवान्याचे सूचनापत्र आले आणि त्यावर मुंबईतून व्हिसा मिळाला. यात माझे चार महिने गेले. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमाने २०२० पासून बंद होती आणि ती ऑक्टोबर २०२५ मध्येच पुन्हा सुरू झाली, त्यामुळे मी सिंगापूरमार्गे आले. उतरल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद, मग रक्त, छातीचा एक्स-रे आणि हृदयाचा आलेख अशी वैद्यकीय तपासणी, आणि तीस दिवसांच्या आत निवासी परवान्याचा अर्ज, हे टप्पे शाळेतल्या एका तत्पर बाईंनी माझे बोट धरून पार पाडून घेतले.

आणि मग पहिल्याच आठवड्यात मला कळले की मला गणित शिकवायचेच नव्हते. गणित त्या मुलांना येत होते, काहींना तर माझ्याइतके येत होते. अडत होते ते इंग्रजीपाशी, आणि त्यातला निम्मा दोष माझ्या इंग्रजीचा होता.

सदिशांचा तास होता. मी फळ्यावर ए आणि बी हे दोन बिंदू जोडणारी रेषा काढली आणि “पॉइंट पी त्या रेषेवर आहे” असे इंग्रजीत सांगून वहीत आकृती काढायला लावली. फिरत फिरत पाहते तो अर्ध्या वर्गाने नवा बिंदू काढलाच नव्हता, कारण त्यांच्या मते मी बी या बिंदूबद्दल बोलत होते आणि तो तर रेषेवर आधीच होता. मी पुन्हा ‘पी’ म्हटले, अधिक मोठ्याने म्हटले, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीने नम्रपणे विचारले, “बी, मिस?”

याचा उलगडा मला माझ्या चिनी शिकण्याच्या वहीने केला. मी चिनी शब्द देवनागरीत लिहून घेत होते, आणि देवनागरी ही त्या भाषेसाठी रोमन लिपीपेक्षा कितीतरी सोयीची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. चिनी भाषेत आपल्यासारखा घोष, म्हणजे गळ्यात कंप होऊन निघणारा, ‘ब’ नाही. रोमन लिपीत जिथे बी हे अक्षर लिहितात, तिथे उच्चार आपल्या ‘प’चा असतो, आणि जिथे पी लिहितात तिथे ‘फळ’ या शब्दातला, ओठ मिटून काढलेला ‘फ’ असतो. त्याच न्यायाने आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते ‘पेइचिंग’च्या जवळ आहे आणि चेंगदू हे ‘छंगतू’च्या. म्हणजे मी जेव्हा मराठी माणसाच्या सवयीने श्वास न सोडता ‘पी’ म्हणत होते, तेव्हा त्यांच्या कानांना ते अक्षर बी ऐकू येत होते आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. इंग्लंड-अमेरिकेतली माणसेही शब्दाच्या आरंभीचा ‘पी’ श्वास सोडूनच म्हणतात, हे पाचवीत एबीसी शिकलेल्या मला इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी ‘फॉइंट फी’ म्हणू लागले आणि गोंधळ थांबला. ‘टी’ आणि ‘के’ यांचीही तीच गत होती, म्हणून ‘ठेन’ आणि ‘खोसाइन’ही आले. उलट बाजूने, मुले ‘बिग’ म्हणत तेव्हा मला स्पष्ट ‘पिग’ ऐकू येई, तर इंग्लंडहून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला त्यात काही वावगे वाटतच नसे.

चेंगदूच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ यांची सरमिसळ होते, ही आणखी एक गंमत. ‘नाइन’ आणि ‘लाइन’ हे शब्द एकाच वाक्यात आले की काही मुलांची त्रेधा उडते. त्यांना त्यावरून हसणारी उत्तरेकडची मुले वर्गात असतात, आणि ते पाहून मला आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्याकडे ‘पाणी’ म्हणणारा कसा पाहतो ते आठवते. तशा हसण्याला मी वर्गात थारा देत नाही.

उच्चारांपेक्षा मोठी अडचण प्रश्नपत्रिकेतल्या लहान शब्दांची होती. ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ यांची अदलाबदल झाली की संभाव्यतेचे संपूर्ण उदाहरण बिनचूक सोडवूनही उत्तर चुकते. ‘हेन्स’ या एका शब्दाचा अर्थ, आधीच्या उपप्रश्नाचे उत्तर वापरूनच पुढे जायचे, असा असतो, आणि ‘हेन्स ऑर अदरवाइज’ म्हटले की ते बंधन सुटते, हे न कळल्याने हुशार मुलांचे गुण जात होते. मी दर सोमवारी पहिली दहा मिनिटे असा एकच शब्द घेऊ लागले. मोठ्या संख्यांच्या बाबतीत तर शिक्षिका आणि विद्यार्थी एकाच नावेत होते. आपण लाख-कोटीत मोजतो, ते ‘वान’ म्हणजे दहा हजार आणि ‘यी’ म्हणजे दहा कोटी यांच्यात मोजतात, आणि मिलियन ही संख्या दोघांनाही मनातल्या मनात भाषांतर करूनच कळते. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान, हे मी फळ्यावर मांडले तेव्हा, इंग्रजी सफाईदार बोलणाऱ्या या बाईलासुद्धा मिलियन अडतो, याचा मुलांना झालेला आनंद लपत नव्हता.

त्यांच्या लेखी उत्तरांत ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे हमखास ‘बट’ येते. इंग्रजी सहकारी त्यावर लाल रेघ मारून पुढे जातो. मला ती चूक घरची वाटते, कारण चिनीत ‘स्वेइरान’ आले की ‘तानशी’ यावे लागते, अगदी ‘जरी’ आले की ‘तरी’ यावे तसे. मी त्यांना आमच्या भाषेतही अशी जोडी आहे आणि इंग्रजीला मात्र त्यातला एकच चालतो, असे सांगते, आणि ती चूक वर्गातून हळूहळू कमी होते. बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांना चिनीत एकच ‘था’ आहे, त्यामुळे स्वतःच्या आईला ‘ही’ म्हणणारा मुलगा इंग्रजीत मागे पडलेला नसतो, हेही पालकांना सांगावे लागते.

पालकसभेत एका आजोबांनी मी भारतातली, त्यातही महाराष्ट्रातली, असे दुभाष्याकडून कळल्यावर ‘ख तीह्वा’ असे म्हटले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे ते चिनी नाव. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर आलेला आणि १९४२ मध्ये इथेच निवर्तलेला हा माणूस या पिढीला अजून आठवतो, नातवांना मात्र नाही. त्याच सभेत एका आईने शनिवारी घरी येऊन मुलीला इंग्रजी बोलायला शिकवाल का, असे विचारले आणि सांगितलेली रक्कम मोहात पाडणारी होती. परवाना शाळेच्या नावाने असल्याने बाहेर पैसे घेऊन शिकवता येत नाही, हे सांगून मी नाही म्हटले. त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘ह्वाचिआओ’ची पुडी पाठवली. या सिचुआनी मिरीचा वास घेतल्यावर मला कोकणातल्या बांगड्याच्या आमटीतले तिरफळ आठवले, आणि ती दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत हे नंतर कळले.

भाचीला मी आता इंग्रजीच्या जाहिराती सोडून भौतिकशास्त्राच्या पाहायला सांगितले आहे. इथले वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जाहिराती जानेवारीपासून दिसू लागतात, म्हणून पदवीच्या पडताळणीचा अर्ज तिने आत्ताच विद्यापीठात द्यावा आणि अनुभवाच्या पत्रात दोन्ही तारखा आहेत ना ते पाहावे. मुलाखतीपूर्वी एकदा व्हिडिओवर माझ्यासमोर तास घे, असेही मी तिला म्हटले. तो तिने परवा घेतला. विषय दाब हा होता, आणि ‘प्रेशर’ म्हणताना तू इतका श्वास का सोडायला लावतेस, हे तिला काही केल्या पटेना. मी समजावत असताना मागून माझ्या मावसबहिणीचा आवाज आला, “अगं, ही ‘पेपर’ला ‘फेफर’ काय म्हणायला लागलीय!”