पॅप स्मिअर नॉर्मल होता, तरी एमआरआय केला

माझ्या ओठांवर आणि गालाच्या आतून लहानपणापासून काळसर ठिपके आहेत. शाळेत असताना आतड्यात आतडं शिरलं, मिरजेला ऑपरेशन झालं आणि आजाराचं नाव कळलं: पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम. एसटीके११ नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे होणारा हा दुर्मिळ आनुवंशिक आजार. आई किंवा वडील, कुणा एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. आतड्यातल्या पॉलिपचं, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या गाठींचं, आम्हाला सगळं माहीत होतं. गर्भपिशवीच्या तोंडाचं कुणीच सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी अंगावरून पाण्यासारखं जायला लागलं. वास नाही, खाज नाही, पण पॅड लावल्याशिवाय घराबाहेर पडता येईना. तासगावात गोळ्या झाल्या, पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, झाला. रिपोर्ट नॉर्मल. घरच्या बायका म्हणाल्या, "पिशवी काढून मोकळी हो." आपल्याकडे हा सल्ला फार लवकर मिळतो, आणि मला त्याची मनापासून चीड आहे. नेमकं काय झालंय ते कळायच्या आधी कशाला काढायची?

मिरजेच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी जुनी फाईल शांतपणे वाचली. म्हणाल्या, या सिंड्रोममध्ये पिशवीच्या तोंडाच्या ग्रंथींत एक वेगळ्या प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो. तो एचपीव्ही विषाणूमुळे होत नाही. पिशवीच्या तोंडाच्या नळीत वरच्या बाजूला, खोल ग्रंथींत वाढतो, पेशीही बऱ्याचदा साध्याच दिसतात, म्हणून पॅप स्मिअरमधून सुटू शकतो. आणि पाण्यासारखं जाणं हे त्याचं एक लक्षण. ऐकताना माझे हात गार पडले. पण त्यांनी लगेच सांगितलं, की साध्या, कॅन्सर नसलेल्या वाढीतही असंच पाणी जातं. दोन्हींपैकी काय असावं, त्याचा अंदाज घ्यायला एमआरआय.

शिरेतून औषध द्यायचं म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची तपासणी, केली. काही तास उपाशी राहायचं होतं. मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना सगळं जाऊबाईंच्या ओटीत. आतडी हलून चित्र पुसट होऊ नये म्हणून एक इंजेक्शन दिलं. मशीनचा आवाज मोठा असतो, कानाला लावायला देतात तरीही. "ताई, हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या," एवढंच मधून मधून ऐकू येई. दुखत काहीच नाही.

मॅडमनी एमआरआयच्या चिठ्ठीवर सिंड्रोमचं नाव ठळक लिहून दिलं होतं, आणि मला वाटतं सगळ्यात मोलाचं तेच ठरलं. पिशवीच्या तोंडाशी पाण्याच्या बारीक गाठी अनेक बायकांना असतात, त्या निरुपद्रवी असतात. नाव माहीत नसतं, तर माझ्याही गाठी त्यातच मोजल्या गेल्या असत्या. रेडिओलॉजिस्टनी स्क्रीनवर दाखवलं: एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. मधोमध बारीक गाठींचा पुंजका, भोवती मोठ्या गाठी. अशी रचना बहुतेकदा साध्या वाढीत दिसते. कॅन्सरमध्ये गाठींच्या मधे भरीव भाग दिसायची शक्यता जास्त. माझ्यात तो नव्हता. बीजकोशही पाहिले, कारण या सिंड्रोममध्ये तिथेही गाठी होतात.

एमआरआयवर शेवटचा निकाल लागत नाही, तुकडा तपासावाच लागतो. वरवरच्या तुकड्यात खोलातलं हाती लागत नाही, म्हणून भूल देऊन शंकूच्या आकाराचा तुकडा काढला. रिपोर्टची वाट बघताना घरात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही. निदान आलं: लोब्युलर एंडोसर्व्हायकल ग्लँड्युलर हायपरप्लेशिया. ग्रंथींची वाढ, कॅन्सर नाही. पण अशा वाढीशेजारी पुढे कॅन्सर सापडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून लक्ष ठेवायचं. पिशवी काढायची की नाही, यावर मॅडमशी दोनदा बसून बोलले आणि आत्ता नको असं ठरवलं. पुढच्या एमआरआयमध्ये भरीव भाग दिसला तर निर्णय बदलेन, हेही तेव्हाच ठरलं.

माझ्या बहिणीच्याही ओठांवर ठिपके आहेत. तिला कसलाच त्रास नाही, तरी फाईल घेऊन मॅडमना भेटून आली. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर. जुनी सीडी बरोबर न्यायला सांगितलीय, म्हणजे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघता येतील.