पद्मिनी गरम झाली की बंद पडायची, शेवटी कॉइल निघाली (माझा अनुभव)

आमची प्रीमियर पद्मिनी (जिला सगळे फियाटच म्हणतात) बाबांनी घेतलेली, 1995 ची, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिचा एकच त्रास. ठाण्यात नौपाड्यातून निघताना एकदम मस्त, पण घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये रखडली की आधी मिसिंग मारणार (इंजिन धक्के देत चुकणार) मग बंद. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की परत हाफ सेल्फला चालू. जो तो सांगायचा पेट्रोल पंप गरम होतोय, ओलं फडकं टाका. टाकलं, काही फरक नाही.

मग वागळे इस्टेटजवळच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो, आयुष्यभर टॅक्स्यांचं काम केलेला माणूस. ते म्हणाले, "गार गाडीत काय बघणार मी? बंद पडेल तिथेच करंट (म्हणजे स्पार्क) बघा आणि मग या." हे वाक्य लाखमोलाचं ठरलं, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी गार होऊन सगळं ओकेच दिसायचं. पुढच्या वेळी कापूरबावडीला बंद पडली तेव्हा कॉइलची (बॅटरीच्या 12 व्होल्टपासून स्पार्कसाठी जबर व्होल्टेज बनवणारा डबा) मधली वायर डेल्कोतून (डिस्ट्रिब्युटर, जो ते प्रत्येक प्लगला वाटतो) काढली, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनच्या लोखंडाजवळ धरली (हाताने धरू नका, जबर झटका बसतो) आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितलं. घरी असताना निळा, कडकडीत स्पार्क पडायचा, इथे बारीक पिवळट, तोही मधूनच. म्हणजे पेट्रोलचा काही संबंध नव्हता.

डेल्कोची कॅप उघडली तर पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) काळेनिळे पडलेले, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड. पॉइंट जळले की पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा पार्ट), पण पॉइंट-कंडेन्सरचा सेट मागच्याच सर्व्हिसिंगला नवा टाकला होता, मग इतक्या लवकर का जळावेत?

उत्तर कॉइलमध्ये होतं. दोन्ही वायरी सोडून मल्टिमीटरने दोन बारक्या टर्मिनलांमध्ये मोजलं तर दीड ओहमच्या आसपास आलं. साध्या 12 व्होल्ट कॉइलचं तीनच्या आसपास यायला हवं. दीडवाली कॉइल असते बॅलास्टच्या गाड्यांसाठी, त्यांच्यात स्विच आणि कॉइलच्या मध्ये एक वेगळा रेझिस्टन्स बसवलेला असतो. आमच्या गाडीत तो नाही. वायरी परत लावून, इग्निशन ऑन ठेवून, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज मोजलं, जवळपास पूर्ण बॅटरीचं आलं, बॅलास्ट असता तर बरंच कमी दिसलं असतं. म्हणजे 4 अँपिअरच्या जागी 8 अँपिअर करंट जात होता, कॉइल पण तापणार आणि पॉइंट पण जळणार. आधी कधीतरी कुणीतरी चुकीची कॉइल बसवलेली, आणि दिसायला दोन्ही अगदी सारख्या, तोच डबा, तोच क्लॅम्प. म्हणून दुकानात नुसतं "फियाटची कॉइल द्या" म्हणू नका, मीटर सोबत न्या आणि काउंटरवरच मोजून घ्या, मी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पार्टच्या दुकानात तसंच केलं आणि दुकानदाराने काही कुरकुर केली नाही.

बसवणं सोपं आहे. मायनस टर्मिनल डेल्कोकडे (जुन्या कॉइलवर सीबी, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, लिहिलेलं असतं), प्लस स्विचकडे. कॅपच्या वायरींना काढायच्या आधी नंबरच्या चिकटपट्ट्या लावा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2. पॉइंटचा गॅप मात्र घाईत करू नका. प्लग काढून, टॉप गिअर टाकून बाबा गाडी हळूहळू ढकलत होते आणि पॉइंट पूर्ण उघडले तिथे मी थांबायला सांगितलं, फिलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पात्या) 0.45 मिमीची पाती घालून स्क्रू कसला, कसताना गॅप सरकतो म्हणून परत तपासला. नवीन पॉइंटवर तेलाचा थर असतो तो पेट्रोलच्या कपड्याने पुसून टाका. गॅप बदलला की टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडतो ते) पण हलतं, ते काकांनी बल्ब लावून केलं, बल्बची एक वायर कॉइलच्या मायनसला, दुसरी बॉडीला, पॉइंट उघडले की बल्ब पेटतो.

त्यानंतर भर मे महिन्यात गायमुखपर्यंत रांगेत गेली, एकदाही मिसिंग नाही. पॉइंट परवा उघडून बघितले, स्वच्छ राखाडी आहेत. आता चांगला रोटर (डेल्कोत फिरून प्लगना स्पार्क वाटणारा तुकडा) शोधतोय, 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून पार्ट मिळणं अवघड होत चाललंय, जे मिळाले त्यातले काही डेल्कोच्या शाफ्टवर ढिले बसतात. ठाण्यात कुणाकडे घट्ट बसणारा रोटर असेल तर नक्की कळवा.